खाकी गोधडी

आप्पांकडून गोधडी हवी असेल तर माणसाला आधी जमिनीवर आडवं व्हावं लागे. ओसरीत अंथरलेल्या कापडावर पाठ टेकायची, घरी झोपतो तसं झोपायचं आणि डोळे मिटायचे. मग आप्पा हातात खडू घेऊन त्या माणसाभोवती सावकाश एक फेरी मारत. टेप त्यांना अजिबात मान्य नव्हती. "टेपला काय कळतंय? मानूस पाय पोटाशी घिऊन झोपतोय का हातपाय फेकून, हे टेप सांगती व्हय?" असं ते विचारत. मी घोडनदी गावात त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायला गेलो त्या पहिल्याच आठवड्यात एका शाळेचे मुख्याध्यापक इन केलेल्या शर्टासकट ओसरीत उताणे पडलेले मी पाहिले. आप्पा त्यांच्या उशाशी उकिडवे बसून म्हणत होते, "गुरुजी, हे झोपनं न्हवं, ही परेड झाली. वाईच सैल पडा." गुरुजी इकडंतिकडं बघत कुशीवर वळले आणि एक हात त्यांनी गालाखाली घेतला. तेव्हा कुठं आप्पांनी खडू टेकवला. पुढं ते गुरुजी रस्त्यात दिसले की मला आधी त्यांचा तो गालाखालचा हात आठवायचा.

आप्पा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. दारातून आत येताना वाकावं लागेल एवढे उंच, मनगटं चिरेबंद, मिशा पांढऱ्या झाल्या तरी वळण सोडत नव्हत्या. आयुष्यभर लाल गाडीचं ते भलंमोठं स्टेअरिंग फिरवलेला हा माणूस गोधडीवर मांडी ठोकून बसे आणि चिमटीत इवलीशी सुई धरे, तेव्हा ते दृश्य बघायला गल्लीतली माणसं सुरुवातीला मुद्दाम येत असत म्हणे. मी गेलो तोवर कुणाला त्यात नवल राहिलं नव्हतं. मला मात्र शेवटपर्यंत राहिलं. आजही मी सुई हातात घेतली की तो हात डोळ्यांपुढं येतो.

बोलणं सगळं गाडीचं. नवी गोधडी जोडली की सकाळी तिच्याभोवती फिरून चारी कोपरे पायाच्या अंगठ्यानं दाबून बघायचे, गाडी सुटायच्या आधी टायर बघावेत तसे. शिवण कोपऱ्याला आली की म्हणायचे, "हितं गिअर उतरव." दोरा कुणी जोरात ओढला की ओरडायचे, "टाका म्हंजी ब्रेक न्हवं. दाबायचा न्हाई. स्टेअरिंगवानी नुस्ता धरायचा." नवं कापड ते घरात घेत नसत. एकदा एक बाई मुलीच्या लग्नासाठी म्हणून दुकानातलं कोरं कापड घेऊन आल्या. आप्पांनी ते हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि परत दिलं. म्हणाले, "ताई, नव्या कापडाला झोप येत न्हाई. आधी चार-पाच वर्सं अंगावर वापरा, मग आना." बाई रागावून गेल्या. पण दोन दिवसांनी आपली जुनी लुगडी घेऊन परत आल्या.

त्यांच्या बायकोला, म्हणजे आक्कांना, सुईदोऱ्याचा मनस्वी कंटाळा. तुटलेलं बटणसुद्धा त्या नवऱ्याकडून लावून घेत. गोधडीला त्या सरळ सवत म्हणत. "सवत बसलीय बघा वसरीत पाय पसरून," असं म्हणत केरसुणी आपटत जात. पण गावातल्या कुणी आप्पांची टिंगल केलेली त्यांना खपत नसे. "शिवत्यात तर शिवत्यात. दारू पिऊन तर पडत न्हाईत," एवढं बोलून त्या समोरच्याचा विषयच संपवत.

हे वेड त्यांना लागलं ते मुक्कामी गाडीमुळं. पूर्वी शेवटची गाडी एखाद्या गावात मुक्कामाला थांबे आणि सकाळी पहिली होऊन परत निघे. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपत. कुणाच्या तरी घरून भाकरी येई, कुणाच्या तरी घरून गोधडी. आप्पांचा अर्धा संसार असा दुसऱ्यांच्या गोधड्यांत गेला. सकाळी गोधडी परत करायला गेले की ते त्या घरच्या म्हातारीला विचारत, हा टाका असा का घातला, हे ठिगळ इथंच का लावलं. म्हाताऱ्यांना आधी हसू येई, मग त्या खाली बसून दाखवत. असं गावोगाव करत हा माणूस शिकला. त्यामुळं त्यांना गोधडीवरून गाव सांगता येई. माझ्यासमोर एकदा एका पाहुण्यानं घरातली जुनी, पार विटलेली वाकळ आणली. आप्पांनी डोळे मिटून तिच्यावरून डावा हात फिरवला. म्हणाले, "ही राहू गावाकडची. नदीकाठची मान्सं, दोरा सढळ वापरत्यात. आन् शिवनारी डावखुरी हुती." पाहुण्यानं वाकळ पुन्हा उलटून बघितली. मग म्हणाला, "माझी आजी राहूची. जेवायची उजव्या हातानं, बाकी सगळं डाव्यानं." आप्पा मात्र वाकळीची उसवलेली बाजू बघत होते. त्यांच्या लेखी त्यात विशेष काही घडलंच नव्हतं.

मी रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीत होतो. मशिनमधून निघालेला तुकडा गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालायचा. बसला तर डावीकडं, नाही बसला तर उजवीकडं. शिफ्ट संपली तरी हात तेच करत राहायचे. जेवताना भाकरीचा तुकडा मोडला की तो बरोबर आहे का चूक, असं मनात यायचं. लातूरकडचं घर लांब, इथं ओळखी नाहीत, सुट्टीच्या दिवशी काय करावं कळत नसे. आप्पांनी माझं नाव कधी घेतलंच नाही. पहिल्या दिवशी नोकरी विचारली आणि तेव्हापासून ते मला क्वालिटी म्हणू लागले.

"ए क्वालिटी, एवढा दोरा वव," अशी हाक एक दिवस जिन्याखालून आली. मी सुई ओवून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली. मग तो नेमच झाला. मी कामावरून आलो की पायरीवर ठेवलेल्या सगळ्या सुया ओवून कापडाच्या गुंडाळीत टोचून ठेवायच्या आणि मगच वर जायचं. मला वाटलं, वय झालंय, दिसत नसेल. पण समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीची पाटी त्यांना वळणावरूनच वाचता येई. मग लक्षात आलं की दोष डोळ्यांचा नव्हता. त्यांचा उजवा हात थरथर कापायला लागला होता. चहाचा कप ते डाव्या हातानं उचलत, आणि कुणी आलं की उजवा हात मांडीखाली सारत. आक्कांना हे माहीत होतं. मला कळलं होतं. आम्हाला माहीत आहे हे आप्पांनाही ठाऊक होतं. पण त्या घरात हा विषय निघत नसे. एकदाच आक्का डॉक्टरांचं बोलल्या, तर दोन दिवस ते जेवताना कुणाशी बोलले नाहीत.

मग एक दिवस सुई माझ्याकडून परत न घेता ते म्हणाले, "टाक्याची एक वळ घाल बघू."

मी म्हणालो, "आप्पा, मला नाही येत. आमच्यात कुणीच नाही शिवत."

"आमच्यात तरी कोन शिवत हुतं? बस."

मी बसलो. जुन्या नऊवारीचे थर, वर ठिगळं, आणि काठापासून आत आत जायची धावदोऱ्याची शिवण. वर टाका बारीक, खाली जरा लांब. दिसायला इतकं सोपं की मला आतून हसूच आलं. चांगला तासभर मी मान खाली घालून शिवलं. ओळ सरळ आली, टाके एकसारखे आले, आणि मी मोठ्या ऐटीत आप्पांना दाखवायला उठलो, तर गोधडी माझ्याबरोबर उठली. ट्रॅक पँटच्या गुडघ्याला मी ती पक्की शिवून टाकली होती. एका पायाला अख्खी गोधडी ओढत मी ओसरीभर नाचलो. आक्का भिंतीला धरून हसल्या. आप्पा हसले नाहीत. त्यांनी शांतपणे कात्री घेतली आणि म्हणाले, "हे समद्यांचं हुतं. पयल्यांदा गोधडी मानसाला धरती. मानूस गोधडीला नंतर धरतंय." मग त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं आणि पुटपुटले, "सगळं सारखंच हाय की रं. मिशनीनं मारल्यावानी." मी ते कौतुक समजलो.

माझी पहिली पूर्ण गोधडी तर फजितीच होती. काठाकडून आत शिवत जाताना हातानं कापड बाहेर सारत राहावं लागतं, हे मी ऐकलं होतं पण केलं नव्हतं. सगळी ढिलाई मधे गोळा झाली आणि गोधडीला हे एवढं पोट आलं. आप्पा तिच्याभोवती फिरले, पोटावर हात ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "गाभन हाय तुझी गोधडी." सगळी उसवायला लावली. उसवताना चिडचिड झाली तर सुई काढून घेत. रागात घातलेला टाका रात्रभर टोचतो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

कधी आवड लागली ते सांगता येत नाही. एवढं आठवतं, एका संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसलो होतो आणि मनात एकच घोळत होतं की हिरव्या ठिगळाच्या शेजारी ते विटकं जांभळं चालेल का. दिवसभरातलं दुसरं काही आठवतच नव्हतं. घरी पोचलो, हातपाय धुतले, आणि चहा न घेता गोधडीवर जाऊन बसलो. सुई कापडातून निघताना बारीक आवाज येतो. तो आवाज ऐकता ऐकता माझं डोकं रिकामं व्हायचं. हातांना डावं-उजवं करायची गरज उरायची नाही. कुणाच्या तरी आजीचं लुगडं, कुणाच्या तरी वडलांचं धोतर मांडीवर घेऊन मी बसलेलो असायचो आणि मला परक्या गावात असल्यासारखं वाटायचं नाही. कारखान्यातल्या मित्रांना कळलं तेव्हा त्यांनी यथेच्छ चेष्टा केली. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मला एक शिवून आण." तो दिवस मला अजून सणासारखा आठवतो.

आप्पांचा एक कंडक्टर होता. केडगावचा, मुसलमान, बुटका आणि तोंडाळ. दोघांनी वर्षानुवर्षं एकाच गाडीवर काम केलं. स्टँडवर गाडी सुटायला वेळ असला की आप्पा केबिनमध्ये ठिगळ जोडत बसत आणि कुणी प्रवासी हसला की हाच कंडक्टर त्याला सुनावी, "हसतोस काय? सायबांचा टाका पुरा हुईस्तवर गाडी हलत न्हाई." ईदला आप्पा केडगावला, दिवाळीला तो घोडनदीला. आणि मग एक दिवस आप्पा त्याला मागं टाकून निघून गेले.

झालं असं की वाटेतल्या एका थांब्यावर कंडक्टर एका म्हातारीचं गाठोडं उतरवून द्यायला खाली उतरला. बेल वाजली असं आप्पांना वाटलं. त्यांनी गाडी काढली. पुढच्या गावात नवा प्रवासी तिकीट मागायला लागला तेव्हा कळलं की गाडीत कंडक्टरच नाही. कुणी पोरानं दोरी ओढली, की बेल वाजलीच नाही, देव जाणे. कंडक्टर मागून दुधाच्या टेंपोतून धुळीनं माखून आला. डेपोत सगळ्यांसमोर तो ओरडला, "बेल कुठली? ह्याचं ध्यान रस्त्यावर न्हाई, गोधडीत असतंय." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर आप्पांनी हसून सोडलं असतं. पण ज्यानं त्यांच्या सुईची बाजू घेतली होती त्याच्याच तोंडून हे निघालं. आप्पाही काहीतरी वाईट बोलले. काय, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. कंडक्टरनं दौंडला बदली मागून घेतली आणि दोघं एकमेकांशी बोलायचे बंद झाले ते निवृत्त झाल्यावरही बंदच राहिले. बोलणं चालू होतं ते फक्त आक्का आणि कंडक्टरची बायको, भाभी, यांचं. या दोघी दर आठवड्याला फोनवर सगळ्या जगाची खबर घेत. नवरे तिथंच बसलेले असत आणि कान देऊन ऐकत.

त्या फोनवरूनच कळलं की कंडक्टरची डावी बाजू लकव्यानं गेली. आप्पांनी लगेच एक गोधडी केडगावकडं जाणाऱ्या गाडीवर ओळखीच्या ड्रायव्हरकडं दिली. दुसऱ्या दिवशी ती जशी गेली तशी घडीसकट परत आली. निरोप होता, आमच्याकडं पांघरुणं आहेत. आप्पांनी ती घेतली, कपाटात ठेवली आणि बराच वेळ कपाटाचं दार धरून उभे राहिले.

मग त्यांनी खाकी काढली. ट्रंकेतले त्यांचे ड्युटीचे शर्ट-पँट, गोधडीसाठी कधी न फाडलेले, न कुणाला दिलेले. आक्कांनी फोन केला आणि भाभींनी नवऱ्याला न सांगता त्याचे जुने शर्ट पिशवीत घालून पाठवले. दोघांचे कपडे आप्पांनी ओसरीत शेजारी शेजारी मांडले. "ही त्यो परत कसा पाठवतोय बघू. सोताचंच कापड हाय," ते म्हणाले. भाभी सांगत होत्या की कंडक्टरचं अंग गार पडत चाललंय, जेवण कमी झालंय. गोधडी लवकर व्हायला हवी होती, आणि आप्पांचा हात चालत नव्हता.

त्यांनी प्रयत्न केला. खाकी जाड, सुई आत जाईना, हात स्थिर राहीना. पहिल्याच ओळीत कापड टरकन फाटलं. आप्पांनी सुई माझ्यापुढं ठेवली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझ्यावानी घाल. त्याला कळता कामा न्हाई."

खाकी आम्ही पाण्यात भिजत ठेवली, दगडावर बडवली, पुन्हा भिजवली. आत आक्कांची मऊ लुगडी घातली. बटणं काढली, पण शर्टाचे खिसे आप्पांनी काढू दिले नाहीत. "कंडक्टरला खिसा लागतोय," म्हणाले. मी कामावरून आलो की आप्पा समोर बसत आणि मी त्यांच्या जुन्या गोधड्यांचा टाका बघून बघून तसा टाका घालत असे. बोटं सोलून निघाली. पण त्या दिवसांइतका मी कधीच कशात बुडालो नव्हतो. त्या माणसाच्या हातासारखा आपला हात चालावा, एवढंच मनात असायचं. शेवटची ओळ झाली तेव्हा मी गोधडीवर हात फिरवला आणि मला खरोखर वाटलं की ही आप्पांची आहे. आप्पांनी ओळीवरून बोट फिरवलं आणि गोधडीची घडी घातली.

एक कोपरा मात्र त्यांनी उघडा ठेवायला लावला. ही त्यांची जुनी रीत. ज्याच्यासाठी गोधडी, त्याच्यासमोर त्या कोपऱ्यात भाकरीचा वाळका तुकडा घालायचा आणि तिथंच कोपरा बंद करायचा. उपाशी गोधडी पांघरायला देऊ नये म्हणत. मुंग्या लागतील, असं मी एकदा म्हणालो होतो. "लागू द्यात. त्येस्नीबी थंडी वाजती," हे त्यावर त्यांचं उत्तर.

आक्कांनी भाकरीचा तुकडा पुडीत बांधून दिला आणि आम्ही केडगावला जायला न्हावऱ्यावरून चौफुल्याची गाडी धरली. आप्पा ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले, गोधडी मांडीवर. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता. सगळ्या वाटेत ते एकच वाक्य बोलले, "न्हाई घेतली तर तिथं ठिवून यायची न्हाई. परत आनायची."

कंडक्टरचं घर केडगाव स्टेशनच्या बाजूला. भाभींनी दार उघडलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाणी आणायला गेल्या. पुढच्याच खोलीत कॉटवर कंडक्टर पडले होते. अंगानं अगदी चिमणीएवढे झालेले. आप्पांना बघून त्यांनी मान भिंतीकडं केली आणि मला म्हणाले, "बसा." जीभ जड होती, पण शब्द कळत होते. मग म्हणाले, "त्यास्नी बी सांगा बसायला."

मी आप्पांना म्हणालो, "बसा म्हणतात."

आप्पा स्टुलावर बसले. उजवा हात मांडीखाली. "त्यांना इचार, जेवान जातंय का."

"त्यास्नी सांगा, जातंय तेवढं जातंय."

असं पाच-सात वेळा झालं. एका हाताच्या अंतरावर बसलेले दोन म्हातारे माझ्या तोंडून एकमेकांशी बोलत होते. भाभी पाणी ठेवून दारातच थांबल्या. शेवटी आप्पा उठले आणि त्यांनी गोधडी कंडक्टरांच्या अंगावर पसरली. खाकी दिसताच कंडक्टरांची मान वळली. चांगला उजवा हात बाहेर आला आणि गोधडीवरून फिरू लागला. खिशापाशी थांबला, दोन बोटं आत गेली, बाहेर आली. चेहरा जरा सैल झाला. माझ्या जिवात जीव आला.

हात पुढं शिवणीवर आला. सावकाश काठापर्यंत गेला, वळणावर थांबला, परत मागं आला. मग ते मला म्हणाले, "ही शिवन त्यांची न्हाई."

त्यांचं बोट एका टाक्यावर टेकलेलं होतं.

"त्यांचा टाका वळनावर बारीक हुतो. गाडी बी तशीच चालवायचे. हितं समदे सारखे हायती." त्यांनी गोधडी एका हातानं छातीवरून ढकलायला सुरुवात केली. "त्यास्नी सांगा, दुसऱ्याकडनं शिवून आनलेली मला नको. घिऊन जावा म्हनावं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आप्पांनी डाव्या हातानं मला थांबवलं. मग त्यांनी मांडीखालचा उजवा हात काढला आणि कंडक्टरांच्या तोंडासमोर धरला. तो हात मी कधी असा उघड्यावर पाहिला नव्हता. वाऱ्यात पान हलावं तसा हलत होता. आप्पा त्याला थांबवायचा प्रयत्नसुद्धा करत नव्हते.

कंडक्टर बघत राहिले.

"कवापास्नं?" त्यांनी विचारलं. आता माझ्याकडं बघून नाही.

"लई दिस झालं."

"सांगितलं न्हाईस."

"कुनाला सांगू?" आप्पा म्हणाले.

कंडक्टरांनी डोळे मिटले. ढकललेली गोधडी त्यांनी पुन्हा छातीवर ओढली, आणि ओढताना त्यांचा श्वास चढला. बेलचा विषय त्या दिवशी दोघांनीही काढला नाही. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "कोपरा उघडा हाय. भाकर आनलीस का न्हाई?"

आप्पांनी खिशातून पुडी काढली. डाव्या हातानं तुकडा कोपऱ्यात सारला. मी सवयीनं सुई ओवली आणि पुढं झालो.

"क्वालिटी, तू बाजूला हो," आप्पा म्हणाले.

गुरूनं बाजूला हो म्हटलेलं एवढं बरं मला कधी वाटलं नाही. मी सुई कंडक्टरांच्या उजव्या हातात दिली आणि भाभींच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. आप्पांनी डाव्या हातानं कोपरा दाबून धरला. कंडक्टर सुई घालायचे, आप्पा ती खालून काढून वर द्यायचे. टाके बोटाबोटाएवढे पडले, एक इकडं, एक तिकडं. दोघांच्या कपाळावर घाम आला. कोपरा कसाबसा बंद झाला आणि मग शेवटची गाठ राहिली. गाठीला दोन हात लागतात. दोऱ्याचं एक टोक त्यानं धरलं, एक यानं. पहिल्यांदा निसटली. दुसऱ्यांदाही निसटली. "वढ की," एक म्हणाला. "तू सैल सोड आधी," दुसरा म्हणाला. मध्येच भाभींनी करून आणलेला चहा त्यांच्या हातातच पार निवला. आम्ही दोघं दारात उभे होतो, आणि आमच्यापैकी कुणीही मदतीला पुढं गेलं नाही.